चुका जपणारी सुलभा

सविताचा फोन आला तेव्हा मी बोईसरला भाजी घेत होते. "मॅडम, ताई गेल्या हाय," ती म्हणाली. आणि मला आधी चूक कळली, बातमी नंतर. 'गेल्या आहेत', मी मनातल्या मनात दुरुस्त केलं, आणि ते करून झाल्यावर लक्षात आलं की कोण गेलंय. भाजीवाली पिशवी पुढे करत होती. ती न घेताच मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले, मग परत आले, मग पुन्हा पलीकडे गेले. सफाळ्याची गाडी पकडायची की आधी घरी जायचं, काही सुचेना. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण गेल्याची बातमी अशी कळावी, याची तेव्हाही लाज वाटली आणि आज दीड महिन्याने लिहितानाही वाटते आहे.

सुलभा भाषाशास्त्रज्ञ होती. पुण्यात शिकवत होती, निवृत्त झाल्यावर पालघरला येऊन राहिली. फारसी बोलणारी माणसं इंग्रजी शिकायला लागली की काय होतं, हा तिचा जन्मभराचा विषय. त्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा, असं मला सांगण्यात आलं आणि मी हो म्हणून बसले. पण लिहायला घेतलं की मी उठते. गॅलरीत जाते, कुंडीतली वाळकी पानं काढते, परत येऊन बसते. कारण मला जे लिहायचं आहे ते तिच्या विषयाबद्दल नाहीच. शेवटचा महिनाभर सुलभा माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. आजारामुळे बोलली नाही की माझ्यामुळे, हे मला कळायला हवं होतं. डॉक्टरांना विचारलं, तिच्या भावाला विचारलं. दोघांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवणारी माणसं मला आताशा सहन होत नाहीत.

आमची ओळख पालघरच्या कॉलेजात झाली. ती एडवणची, वाडीवाल्यांच्या घरातली. मी घिवलीची, कोळ्यांची. ती डब्यात राजेळी केळी आणायची, मी कधीमधी सुका जवळा. डबा उघडला की बाकीच्या मुली नाक मुरडायच्या आणि सुलभा सरळ बोटं घालायची. आम्ही दोघींनी इंग्रजी घेतलं होतं. मला इंग्रजी हवं होतं ते नोकरीसाठी, आणि खरं सांगायचं तर घिवलीपासून चार पावलं लांब जाण्यासाठी. तिला ते कशासाठी हवं होतं देव जाणे. वर्गात कुणी अडखळलं की आम्ही सगळ्या हसायचो आणि ही वहीच्या मागच्या पानावर काहीतरी टिपून घ्यायची. मला वाटायचं, ही फार अभ्यासू आहे, सरांचं टिपून घेते. एकदा ते पान मी पाहिलं. त्यावर सरांचं काहीच नव्हतं. आम्ही कोण कुठे अडखळलो ते होतं.

पुढे ती पुण्याला गेली. तिथे तेव्हा इराणहून शिकायला आलेली मुलं बरीच असायची आणि ती इंग्रजी बोलायला लागली की सुलभाचे कान टवकारायचे. सुट्टीत आली की ती मला सांगायची. ही मुलं स्कूलला 'इस्कूल' म्हणतात, स्टेशनला 'इस्टेशन'. मी म्हणायचे, त्यात काय, माझे बाबाही इस्टेशनच म्हणतात, त्यांना काय इराणहून आणलंय? यावर ती खूश व्हायची, जशी काही मी तिला मोठा शोध लावून दिला. "तुझ्या बाबांना बोलतं करायला हवं," म्हणायची. एका मे महिन्यात ती खरंच टेपरेकॉर्डर घेऊन घिवलीला आली. बाबा जाळं विणत बसले होते, तिने तासभर त्यांना होडीबद्दल विचारलं. मी आत ताटकळत उभी. बाबांचं 'आमी' आणि 'नाय' त्या टेपवर जात होतं आणि मला घाम फुटला होता. मी दोनदा बाहेर येऊन त्यांचं वाक्य सुधारून दिलं. दुसऱ्या वेळी तिने टेप बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "जयू, तू चहा कर."

तिच्या कामाची रीत अशी होती की बोलणाऱ्याला दुरुस्त करायचं नाही. कधीच नाही. तो वाट्टेल ते बोलो, उलटं बोलो, आपण मान हलवायची आणि ऐकायचं. फारसीत तो आणि ती या दोघांनाही एकच शब्द आहे, त्यामुळे इंग्रजी बोलताना ही माणसं सासूला पुरुष करतात आणि दूधवाल्याला बाई. सुलभा समोर बसून ते तासन्‌तास ऐकायची आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. पण चुका टिपणं हे तिच्या लेखी दुय्यम काम होतं. ती टिपायची ते थांबणं. माणूस बोलता बोलता कुठे थांबला आणि किती वेळ थांबला. एका सेकंदाला एक उभी रेघ. तिच्या वह्या अशा रेघांनी भरलेल्या आहेत, पानंच्या पानं, पावसाळ्यात वळचणीवरून पागोळ्या पडतात तशा. कुणीतरी चूक दाखवली की पुढच्या वाक्याआधी माणूस जास्त वेळ थांबतो, पुन्हा दाखवली की आणखी जास्त, असं ती म्हणायची. मी म्हणायचे, थांबू दे की, विचार करतो आहे. ती म्हणायची, "विचार नाही करत गं... तो दार लावून घेतो."

निवृत्त होऊन ती पालघरला आली आणि त्याच सुमारास बोईसरला मेहरबानू आली. इथल्या एका जुन्या इराणी बेकरीवाल्यांच्या घरात ती लग्न करून आली होती, इराणातल्या यझ्दकडची. माहेरी शाळेत गणित शिकवायची. इथे बेकरीच्या वर दोन खोल्यांत तिचा जीव रमेना. हिंदी तिने कामगारांकडून उचललं, तारापूरच्या कारखान्यांची पाळी सुटली की पाव घ्यायला झुंबड उडायची, त्या झुंबडीत. पण तिला शाळेत शिकवायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजी हवं होतं. सुलभाला हे कळलं मात्र, ती दर बुधवारी पालघरहून बोईसरला यायला लागली. बेकरीच्या वर बसायची, रेकॉर्डर लावायची, मेहरबानू बोलायची. खूप बोलायची. सासूबद्दल, खारटपणा कमी असलेल्या इथल्या चीझबद्दल, डाळिंबांबद्दल. दोन वर्षं हे चाललं होतं. संध्याकाळी सुलभा माझ्याकडे यायची, जेवायची, शेवटच्या आधीच्या गाडीने परत जायची.

मग मेहरबानूला एका इंग्रजी शाळेने मुलाखतीला बोलावलं. गणित तिला तोंडपाठ. पण समोर मुख्याध्यापिका बसल्या होत्या आणि मेहरबानू त्यांच्यादेखत त्यांचा उल्लेख सतत पुरुष म्हणून करत राहिली. समोरची माणसं आधी एकमेकांकडे बघून हसली, मग उघड हसली. ती नोकरी गेली. मला हे मेहरबानूच्या नवऱ्याकडून कळलं, पाव बांधता बांधता त्याने सांगितलं. मी पाव तिथेच ठेवला, तडक पालघर गाठलं आणि सुलभाच्या दारात उभं राहून तिला वाट्टेल ते बोलले. तुला तिची एकूण एक चूक माहीत होती. दोन वर्षं. एकदा तरी सांगायचंस. तू तिला माणूस समजलीसच नाहीस, बरणीतलं लोणचं समजलीस, मुरू दे, मुरू दे. सुलभा म्हणाली, "मी तिला शिकवायला जात नव्हते, जयू. ऐकायला जात होते." मी म्हटलं, ऐकून तिचं पोट भरलं का? यावर ती काहीच बोलली नाही. मला तिचं तसं न बोलणं फार लागलं. आमचं बोलणं थांबलं, ते पाच-सहा महिने.

त्या पाच-सहा महिन्यांत मेहरबानूला मी शिकवलं. चूक झाली की तिथल्या तिथे थांबवायची, बरोबर वाक्य म्हणून घ्यायची, तीनदा. माझी हीच पद्धत, याच पद्धतीने मी बोईसरची शेकडो मुलं पास केली आहेत. मेहरबानू येताना नानखटाई आणायची. मी चूक दाखवली की छातीवर हात ठेवून मान झुकवायची, "थँक यू, मॅडम," म्हणायची. मी 'तुला कंटाळा आला का' विचारलं की 'नो, नो, तुमचे उपकार' म्हणायची. मला वाटलं, काय गुणी पोरगी आहे. महिन्याभरात तिच्या चुका निम्म्यावर आल्या, आणि दोन महिन्यांत जवळपास नाहीशा झाल्या. मी मनातून सुलभाला चिडवत होते. मग एक दिवस मेहरबानूने कळवलं की सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आता यायला जमणार नाही. इतक्या गोड शब्दांत कळवलं की मी सासूबाईंसाठी तेल पाठवलं.

सुलभाच मग एका दुपारी केळ्यांचा अर्धा घड घेऊन माझ्या दारात आली, जणू काही झालंच नव्हतं. मीही काही झालं नव्हतं असं दाखवून तिला जेवायला वाढलं. जेवता जेवता तिने सांगितलं की मेहरबानूच्या सासूचे गुडघे उत्तम आहेत. इराणी माणूस, विशेषतः बाई, मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाही. त्यांच्याकडे त्याला तआरोफ म्हणतात. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं, यजमानाने तीनदा आग्रह करायचा, आणि मन दुखावलं तर जास्तच आदराने बोलायचं. "तुझ्याकडे आल्यापासून ती चुकत नाही हे खरंय," सुलभा म्हणाली, "कारण ती बोलतच नाही." घरीही आता ती नवऱ्याशी इंग्रजीचं नाव काढत नव्हती म्हणे. मी ताटावरून उठले. नळ उघडून उगाच हात धूत राहिले. सुलभा मागून म्हणाली, "आणि तूही काही चुकीचं बोलली नव्हतीस. मीही तिला अर्ध्यावरच सोडलं." तिने हे कबूल केलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मेहरबानूचं पुढे तिचं तिने बघितलं. आज ती बेकरीच्या वर गणिताच्या शिकवण्या घेते, हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं एकाच पातेल्यात घालून. कामगारांची पोरं जिना भरून बसलेली असतात. चुका सगळ्या परत आल्या आहेत आणि बोलणंही परत आलं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुलभाला झटका आला. उजवा हात गेला आणि भाषा मोडली. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांचं मोडकं बोलणं जपून ठेवलं, तिच्या तोंडी ते यावं... हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात तेच होतं. पालघरचं घर बंद करून भावाने तिला एडवणला नेलं, वाडीतल्या घरी. दिवसभर सोबतीला सविता ठेवली, सफाळ्याच्या आतल्या गावातली. डॉक्टरांनी सांगितलं, बोलतं ठेवा, जेवढं बोलतील तेवढं चांगलं. मी म्हटलं, हे काम माझं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी सफाळ्याला उतरून टमटमने एडवणला जायला लागले. जाताना पिशवीत पहिलीच्या मुलांची चित्रांची कार्डं. घर, बस, वाटी, मासा, खुर्ची.

सुरुवातीला ती बोलत होती. वाटीला ताट म्हणायची, भावाला कधी बाबा म्हणायची, वाक्याच्या मध्येच शब्द सुटून जायचा आणि ती हाताने हवेत त्याला शोधायची. मी लगेच पुरवायची. ताट नाही, वाटी. म्हण, वाटी. पुन्हा म्हण. ती म्हणायची. छातीवर डावा हात ठेवून मान झुकवायची आणि हसायची. आणि मी, जिला हे सगळं एकदा समजावून सांगितलं गेलं होतं, जेवणाच्या ताटावर बसवून सांगितलं गेलं होतं, ती मी मनात म्हणत होते, वा, सुधारणा आहे. एकदा समुद्राकडे हात करून ती म्हणाली, "जाळं." मी म्हटलं, समुद्र. ती म्हणाली, "जाळं... बाबा." मी म्हटलं, समुद्र म्हण आधी. आता मला कळतं, तिला माझे बाबा आठवले असणार, जाळं विणत बसलेले. ती मला काहीतरी सांगत होती आणि मी तिच्याकडून पहिलीचा धडा म्हणून घेत होते.

होळीच्या आसपास ती गप्प झाली. मी जायची, कार्डं मांडायची, ती बोटाने बरोबर चित्र दाखवायची. अजिबात चुकत नव्हती. बोल ना, म्हटलं की मान हलवायची. माझा आवाज चढायचा, मग मी स्वतःलाच आवरायची, बाहेर वाडीत चक्कर मारून यायची, परत येऊन म्हणायची, फक्त एक शब्द बोल. ती हसायची. त्या हसण्याचा मला राग येऊ लागला होता, हेही लिहून टाकते. शेवटच्या शुक्रवारी मी कार्डं गोळा न करताच निघाले. दारातून वळून पाहिलं तर ती डाव्या हाताने ती एकावर एक लावत होती. त्यानंतरच्या सोमवारी दुसरा झटका आला, आणि सविताचा तो फोन.

पालघरला कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. पुण्याहून माणसं आली होती, चांगली बोलली. मेहरबानूही बोलली, इंग्रजीत, कागद न घेता. सुलभा माझा बोईसरमधला पहिला मित्र, तो दर बुधवारी यायचा, त्याने मला कधी घाई केली नाही, असं सगळं पुरुषातच बोलत गेली. मागच्या रांगेत दोन-तीन मुलं खुसखुसली. माझ्याही ओठांवर बरोबर शब्द आला होता, सवयच ती. मी ओठ दाबून धरले. सभा संपल्यावर ती माझ्याकडे आली, छातीवर हात ठेवून वाकली. मी तिला विचारलं, मी शिकवत होते तेव्हा तुला माझा राग आला होता ना? "नो, नो, मॅडम," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नो. मी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी मेहरबानू म्हणाली, "राग नाही. भीती. तुमच्या घराचा जिना दिसला की तोंड सुकायचं." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला होता. मला तो सोडवून घेऊन कुठेतरी लांब चालत जावंसं वाटत होतं.

त्यानंतर मी फारच बिथरले. सुलभाच्या भावाकडून पालघरच्या घराची किल्ली आणली आणि तिच्या वह्या वाचत बसले. कुठे काही सापडेल असं वाटायचं, काय ते माहीत नव्हतं. दोन वह्या वाचल्या की वाटायचं एडवणला जावं, एडवणला निघाले की वाटायचं डॉक्टरांना गाठावं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, पेशंट गप्प होतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, माझ्यामुळे होऊ शकतं का तेवढं सांगा. ते म्हणाले, मॅडम, पुढचे पेशंट थांबलेत. मुलगा मुंबईहून आला, चार दिवस राहिला, आई तू झोपत नाहीस म्हणाला. सून म्हणाली, लिहून काढा, बरं वाटेल. हे लिहायला घेतलं ते त्यामुळेही. बरं वाटलेलं नाही.

शेवटी सविताला विचारायचं राहिलं होतं. तिला विचारावं हे इतके दिवस माझ्या डोक्यातच आलं नाही, यावरूनही मी कशी आहे ते कळतं. गेल्या मंगळवारी, माझ्या नेहमीच्या वारी, मी सफाळ्याला उतरले. सविता आता स्टेशनजवळच्या एका घरी म्हाताऱ्या आजोबांचं बघते. पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, ताई शेवटी शेवटी बोलेनाशा झाल्या होत्या, त्यांना काही दुखत होतं का?

सविताने हातातला खडा टाकला आणि वर पाहिलं. "बोलत नव्हत्या? कोन बोललं? ताई तं लय बोलायच्या."

"कधी?"

"दिवसभर. तुमी गेल्यावर. कायबाय बोलायच्या, अर्धं समजायचं, अर्धं नाय. समजलं नाय तरी आमी हो हो करायचो. हसायच्या मंग."

मी तिच्या सुपातले तांदूळ निवडायला लागले. हातांना काहीतरी हवं होतं. खडे बाजूला काढता काढता मी चांगले तांदूळही काढत होते, तिने सूप हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. म्हणजे आजाराने नाही. डॉक्टरांचं खांद्यावर हात ठेवणं सगळं फुकट. ती बोलत होती, फक्त माझ्याशी बोलत नव्हती. मंगळवारी आणि शुक्रवारी मी समोर असेन तेवढा वेळ सोडून आठवडाभर ती बोलत होती. मला राग यावा असं काहीच उरलं नव्हतं तरी मला राग आला, सवितावर आला, हो हो करणाऱ्या सवितावर. आणि लगेच कळलं की सुलभाची पुण्यातली एवढी मोठी विद्वत्ता होती ती हीच, समोरच्याला हो हो करायचं आणि ऐकायचं. ही मुलगी ते कुठेही न शिकता करत होती.

"ऐकायचं हाय का?" सविताने विचारलं. तिने मोबाइल काढला. सुलभाने तिला शिकवून ठेवलं होतं, खुणेने, रोज दुपारी जेवण झालं की ते लाल बटण दाबायचं म्हणून. सविता दाबायची. त्यात काय आहे हे सविताने पुन्हा ऐकलं नव्हतं. सुलभाच्या भाषेत, विदा म्हणजे डेटा गोळा करणं चालू होतं... स्वतःचीच. बऱ्याच तुकड्यांत भांड्यांचा आवाज आहे, कावळे आहेत, कुणीतरी वाडीत मोटर चालू करतं आणि सुलभाचं बोलणं त्यात बुडून जातं. मी ते सगळं ऐकलं, पायरीवर बसून, घरातले म्हातारे आजोबा आतून दोनदा सविताला हाक मारेपर्यंत. त्यातला एक तुकडा खाली उतरवते. शब्द तिचे जसेच्या तसे आहेत. एकही मी सुधारलेला नाही.

सविता विचारते, "मॅडम येतात तवा तुमी बोलत का नाय?"

यानंतर बराच वेळ काही नाही. मी मोजलं. अकरा रेघा. मग सुलभाचा आवाज येतो, जड, एकेक शब्द वर ओढून काढल्यासारखा. "जयू... शाळा. पाच. हात... हात पुढे. छडी."

हे तिला एकटीला माहीत होतं. मी पाचवीला घिवलीहून मोठ्या शाळेत गेले त्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी विचारलं, गृहपाठ झाला का, आणि मी उभं राहून म्हणाले, नाय. गुरुजींनी मला हात पुढे करायला लावला. नाय म्हटल्याची एक छडी, आणि पुन्हा विचारून पुन्हा नाय म्हटल्याची दुसरी. वर्ग हसत होता. मी 'नाही' म्हणायला शिकले तेव्हा सात छड्या झाल्या होत्या. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, आईबाबांना तर नाहीच. कॉलेजात असताना एकदा, का कुणास ठाऊक, सुलभाला सांगितलं होतं. तिने तेव्हा काहीच विचारलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं.

मोबाइलमध्ये सविता विचारते, "कोनाला मारलं?"

"जयू. लहान." मग चार रेघा. "मी चुकते... जयूला लागतं. माझं तोंड... जयूचा हात." दोन रेघा. "म्हणून मी... झाकण."

एवढंच ते वाक्य. मी त्या पायरीवर ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. दर वेळी तिच्या शब्दांच्या मधल्या जागा माझ्या डोक्यात आपोआप भरल्या जायच्या, योग्य विभक्ती, योग्य क्रियापद, आणि दर वेळी मी त्या पुन्हा रिकाम्या करायची. माझ्या घशाशी आलेलं एकेक दुरुस्त वाक्य मी गिळत होते. सविताने तोवर सूप बाजूला ठेवलं होतं आणि ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तिच्या हाताचा मला राग आला नाही.

त्या तुकड्यात शेवटी अजून थोडं आहे. सविता तिला विचारते, "मंग हे मॅडमला सांगू का मी?"

"नाय," सुलभा म्हणते, आणि हे म्हणायला ती जराही थांबलेली नाही.